पासो मोलिनो, अकरा वेळा

एल्बियो साबालेता ड्रायव्हर लिहायचा. बस चालवतो तो ड्रायव्हर वेगळा. त्याला निदान गणवेश मिळतो. एल्बियोचा ड्रायव्हर म्हणजे संगणकाच्या पोटात राहणारा एक लहानसा प्रोग्रॅम. चिपवर निरनिराळी मॉड्यूलं असतात. कुणी आवाज काढतं, कुणी उपग्रहांना विचारून आपण कुठे आहोत ते शोधतं, आणि प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलायला एकेक ड्रायव्हर नेमलेला असतो. मॉड्यूल अडकून बसलं की त्याला झोपवून परत उठवायचं, म्हणजे रीसेट करायचं, हेही ड्रायव्हरचंच काम. माणसांच्या बाबतीत ही सोय नाही, असं एल्बियो दर सोमवारी म्हणायचा. एकोणीस वर्षांत कुणी हसलं नव्हतं.

मोन्तेविदेओच्या आगुआदा भागात, लोकरीच्या एका जुन्या गोदामात त्यांची बारा माणसांची कंपनी होती. सेरोकडे जाणाऱ्या सहा बसगाड्यांत तिनं पुढच्या थांब्याचं नाव मोठ्यानं सांगणारी पेटी बसवली होती. पेटीतली दोन मॉड्यूलं महत्त्वाची, एक ठिकाणाचं आणि एक आवाजाचं. ठिकाणाचा ड्रायव्हर एल्बियोनं लिहिलेला, आवाजाचा निबिया फेर्रेन्योनं. चिप बनवणाऱ्यानं काटकसर म्हणून या दोन्ही मॉड्यूलांना रीसेटची एकच तार दिली होती. एल्बियो आणि निबिया चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

बोलत नाहीत म्हणजे लिहीत होते. चार वर्षांपूर्वी एका सोमवारच्या बैठकीत एल्बियोनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, “हा ड्रायव्हर कुणी झोपेत लिहिलाय का?” तो निबियानं लिहिला होता, आईला मातीआड करून आल्यावर तिसऱ्या दिवशी. एल्बियोला हे बैठक संपल्यावर कळलं. मग त्याला जे सुचलं ते त्यानं केलं: ड्रायव्हरमधली चूक स्वतः दुरुस्त केली आणि विषय मिटला असं धरून चालला. निबियानं त्या दिवसापासून त्याला अहो-जाहो करायला सुरुवात केली. पंधरा वर्षं “अरे एल्बियो, मूर्खा” म्हणणारी बाई एकदम “आपण” म्हणायला लागली की थोबाडीत बसल्यासारखं होतं. दोघांची टेबलं समोरासमोर होती. ती तिथूनच त्याला पत्रं पाठवायची: “आपल्या चौथ्या ओळीबद्दल मला काही निवेदन करायचे आहे.” एल्बियो “आपल्या”पर्यंत वाचायचा आणि पत्र बंद करायचा.

घरी त्याची बायको सुल्मा होती. ती शाळेत भूगोल शिकवायची, आणि हे शहर तिला तोंडपाठ होतं. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिची नजर गेली. शहर तोंडपाठ राहिलं, पण त्यातून एकटीनं फिरायचं राहून गेलं. दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला ला तेहामध्ये तिची बहीण इरासेमा न्योकी करायची. एकोणतीसला सगळा देशच बटाट्याच्या त्या गोळ्या खातो, पण सुल्माच्या मते खऱ्या न्योकी फक्त इरासेमाच्या. तीस वर्षांत तिचा एकही एकोणतीस चुकला नव्हता. गेली तीन वर्षं मात्र एल्बियो तिचं कोपर धरून तिला नेत होता आणि दारापासून दारापर्यंत त्याची टकळी चालू असायची: “पायरी. अजून एक पायरी. डावीकडे खांब. खांब गेला.”

“एल्बियो,” सुल्मा एकदा म्हणाली, “मी आंधळी झालेय, सामान नाही झाले.”

ठिकाणाचा ड्रायव्हर लिहिताना एल्बियोच्या मनात ही एकच बाई होती. त्यानं हे कंपनीत कुणाला सांगितलं नाही, आणि सुल्मालाही नाही. पेट्या लागल्यावर तो फक्त म्हणाला की सेरोची बस हल्ली बोलते म्हणे. ऑगस्टच्या एकोणतीसला सुल्मा पहिल्यांदा एकटी निघाली. त्यानं तिला बसमध्ये चढवलं, कचेरीत आला, आणि दुपारपर्यंत एक ओळ लिहिली नाही.

रेल्वेच्या पुलाखालून जाईपर्यंत सगळं ठीक होतं. पेटी म्हणाली, “पुढचा थांबा, पासो मोलिनो,” आणि खरोखरच पासो मोलिनो आलं. त्यानंतर पेटी म्हणाली, “पुढचा थांबा, पासो मोलिनो.” मग परत तेच. आवाज रेडिओवरच्या एका नामांकित निवेदिकेचा होता, गोड आणि ठाम, आणि अकराव्या वेळीही तिचा उत्साह पहिल्या वेळेइतकाच होता. थांब्यावर माणूस नसला की बस थांबत नाही, त्यामुळे थांबे मोजत बसायची सोय नव्हती. ला तेहा मागे पडलं आणि सुल्मा सेरोच्या शेवटच्या थांब्यावर उतरली. तिथं ऑगस्टचा वारा अंगावर घेत ती दोन तास उभी होती. मधल्या वेळात एका सज्जन गृहस्थानं तिला हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. तिला तो ओलांडायचा नव्हता. थोड्या वेळानं दुसऱ्या सज्जन गृहस्थानं तिला परत आणून सोडलं.

एल्बियोनं तिला टॅक्सीनं घरी आणलं. घरी आल्यावर तिनं कोट काढला आणि काठी दारामागच्या खिळ्याला अडकवली.

“इरासेमाला सांग,” ती म्हणाली, “पुढच्या महिन्यापासून न्योकी डब्यात घालून पाठव. मी आता कुठं जाणार नाही.”

ती हे रागानं म्हणाली असती तर एल्बियोनं सोडून दिलं असतं. पण उद्या दूध आणायचंय अशा सुरात ती ते म्हणाली. सुल्मानं एकदा एखादी गोष्ट खिळ्याला अडकवली की ती सहसा काढत नाही. पुढच्या एकोणतीसला एक महिना होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं पेटीची नोंद काढून वाचली. पुलाखालून बाहेर आल्यावर उपग्रह पुन्हा शोधताना मॉड्यूल कधीकधी अडकत होतं. चिपच्या पुस्तकात चारशे बाराव्या पानावर “क्वचित प्रसंगी” असा उल्लेख होता. त्यात नवल नव्हतं. मॉड्यूलं अडकतात म्हणून तर ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या चुली पेटतात. नवल पुढे होतं. त्याच्या ड्रायव्हरनं मॉड्यूल अडकल्याचं दर वेळी बरोबर ओळखलं होतं, रीसेट मागितला होता, आणि सगळ्या ड्रायव्हरांवर देखरेख करणाऱ्या व्यवस्थेनं दर वेळी उत्तर दिलं होतं: झाला. तीन महिन्यांत दोनशे अकरा वेळा झाला. आणि मॉड्यूल तरीही अडकलेलंच.

दोन दिवस एल्बियोनं चिपला शिव्या घातल्या, पुलाला घातल्या, उपग्रहांना घातल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं रीसेटच्या तारेवर मीटर लावला आणि रीसेट मागितला. पडद्यावर आलं, झाला. मीटरचा काटा हलला नाही. त्यानं वीस वेळा करून पाहिलं. पेटी जन्माला आल्यापासून ती तार एकदाही हललेली नव्हती.

तार दोघांची असली की तिचा नियम येर्बाचा चहा पितात त्या पोकळ भोपळ्यासारखा असतो. एकच भोपळा, एकच नळी, आणि तो कडू चहा मंडळीत फिरत राहतो. एकानं पुरे म्हटलं म्हणून भोपळा खाली ठेवत नाहीत, शेवटच्या माणसाचं होईपर्यंत थांबतात. एल्बियोच्या ड्रायव्हरनं रीसेट मागताना आपल्या बाजूनं तार सोडली, तरी निबियाचा ड्रायव्हर ती धरून बसलेला असायचा. तो कशाला सोडेल? त्याचा स्पीकर ठणठणीत होता. आणि व्यवस्था एल्बियोला “नाही” म्हणत नव्हती. ती म्हणत होती “झालं”, म्हणजे तुमचं म्हणणं लिहून घेतलं, या आता. सरकारी कचेरीच्या खिडकीशी एकदा उभा राहिलेला माणूससुद्धा हे ओळखतो. एल्बियोला तीन महिने लागले.

मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्यानं निबियाची जुनी पत्रं उघडली. फेब्रुवारीतल्या एका पत्रात, “आपल्या”च्या बऱ्याच पुढे लिहिलं होतं: “तार सामाईक असल्याने आपल्या ड्रायव्हरला ‘झाले’ असे उत्तर मिळेल, परंतु प्रत्यक्षात काही होणार नाही. कृपया लक्ष घालावे.” एल्बियोनं ते पत्र पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं.

आता कुणी शहाणा माणूस असता तर चार पावलं चालून समोरच्या टेबलापाशी गेला असता. एल्बियोनं नियमाला बगल देऊन तार थेट ओढायची युक्ती केली. टेबलावरच्या पेटीत मॉड्यूल सहा सेकंदांत ताजंतवानं होऊन उठलं. त्याच वेळी रेडिओवाली बाई “पासो मोलि” एवढंच म्हणाली आणि कायमची गप्प झाली. तिच्या ड्रायव्हरला कुणी काही कळवलं नव्हतं, त्यामुळे तो बिचारा झोपलेल्या मॉड्यूलला इमानेइतबारे शब्द पुरवत राहिला. समोरच्या टेबलावर निबियानं कानावरचे हेडफोन काढले.

“आपण माझा स्पीकर मारलात,” ती म्हणाली. चार वर्षांत तिनं तोंडानं उच्चारलेलं हे पहिलं वाक्य.

“झोपवला. सहा सेकंद.”

“तो उठलेला नाहीये.”

“तुझ्या ड्रायव्हरनं उठवायला नको?”

“माझ्या ड्रायव्हरला कुणी सांगितलं, आम्ही झोपवतोय म्हणून? चोरसुद्धा आधी दार वाजवून बघतो, आत कुणी आहे का.”

“बरं, मग मी दार वाजवतो. तुझा ड्रायव्हर तार सोडेल?”

“नाही.” निबियानं चष्मा पुसला. “आवाजाच्या भरवशावर आंधळी माणसं त्या बसमध्ये बसतात. बस अचानक मुकी झाली तर त्यांनी काय धरायचं? आपल्या मॉड्यूलच्या खोकल्यासाठी मी माझा स्पीकर बंद करणार नाही. लेखी हवं असेल तर लेखी देते.”

“आणि चुकीचं नाव ऐकवलं तर चालतं?”

“चुकीचं नाव आपलं मॉड्यूल देतं. माझं फक्त वाचून दाखवतं.”

एवढ्यात कंपनीचा मालक दार्दो काचेच्या खोलीतून बाहेर आला. त्याला मोठे आवाज सहन होत नसत. “मंडळी, मंडळी,” तो म्हणाला, “महिन्यातून काही वेळा होतं. अहवालात लिहू, पुलामुळे होतं. पूल थोडाच खुलासा द्यायला येणार आहे?”

“त्या बसमध्ये सुल्मा होती,” एल्बियो म्हणाला.

दार्दो आला तसा काचेच्या खोलीत परत गेला. निबियाच्या हातातला चष्मा हातातच राहिला.

“तक्रारीत नुसतं ‘एक प्रवासी महिला’ लिहिलंय,” ती म्हणाली.

“मीच लिहिलंय ते.”

“कुठं उतरली?”

“सेरोला. दोन तास वाऱ्यात उभी होती. आता म्हणते, कुठं जाणार नाही.”

निबियाची आई गेली तेव्हा सुल्मा दोन रात्री तिच्या घरी राहिली होती. एल्बियोनं तेव्हा विचारलं नव्हतं की कुठं चाललीस. मैत्रिणीकडे, एवढं ऐकून त्यानं मान डोलावली होती. हे सगळं आता त्याला एकदम आठवलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

“तो ड्रायव्हर झोपेत लिहिलेला नव्हता,” तो म्हणाला. “मी गाढवासारखा बोललो. आई गेल्याचं मला माहीत नव्हतं हे खरं, पण मला काय माहीत नाही ते न बघता बोललो, तोच गाढवपणा. मला माफ कर.”

निबियानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. “चार वर्षं लागली तुला उठायला. कुठलंही मॉड्यूल एवढा वेळ घेत नाही, मूर्खा.” मग तिनं कोट घेतला. “चल घरी. गप्प बसणं वाईट की चुकीचं बोलणं वाईट, ते सुल्मालाच विचारू. आपण दोघं डोळेवाले कशाला भांडतोय?”

सुल्मा स्वयंपाकघरात भोपळ्यात येर्बा भरत होती. दारातून दोन माणसांची पावलं आली तशी ती मान न वळवता म्हणाली, “निबिया, तुझे बूट अजून करकरतात.” निबिया तिच्या शेजारी जाऊन बसली. सुल्मानं पहिला भोपळा तिला दिला. नवऱ्याची पाळी दुसरी.

दोघांनी आपापली बाजू मांडली, एकमेकांना मध्येच तोडत. सुल्मानं वर्गात मारामारी करून आलेल्या पोरांचं ऐकावं तसं सगळं ऐकून घेतलं.

“बस गप्प किती वेळ बसणार?”

“सहा सेकंद,” एल्बियो म्हणाला. “मग आवाज परत येईल, पण ठिकाण सापडायला आणखी अर्धं मिनिट.”

“मी बावीस वर्षं शिकवलं. सहा सेकंद गप्प बसणारा वर्ग मला एकदाही मिळाला नाही. बसेल तेवढी गप्प बसू दे तिला.” तिनं नळी पुसली. “मला गप्प बसण्याची भीती नाही वाटत. ते कशामुळे ते कळलं नाही की वाटते. आणि त्या दिवशीचं विचाराल तर मला तिसऱ्या वेळेलाच शंका आली होती. म्हटलं, पासो मोलिनो केव्हाच गेलं. पण ती रेडिओवाली इतक्या ठसक्यात सांगत होती की मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. बस माणसांनी भरलेली होती, निबिया. त्यांना डोळे होते. त्यातलं एकही माणूस बोललं नाही. ठसक्यात बोलणाऱ्याला कोण मध्ये टोकतं?”

“मग काय करायचं?” निबियानं विचारलं.

“तिला माहीत नसेल तर तिनं तसं सांगावं.”

“काय सांगावं?”

“हेच. आपण कुठे आहोत हे मला माहीत नाही. मी पोरांना बावीस वर्षांत पाचपन्नास वेळा सांगितलंय, हे मला माहीत नाही. नोकरी गेली नाही माझी.”

एल्बियो आणि निबियाच्या धंद्यात चूक झाली की तिला नंबर देतात, फाइलीत लिहितात आणि चेहरा सरळ ठेवतात. वापरणाऱ्याला ती बोलून दाखवायची, हे दोघांच्या मिळून चाळीसेक वर्षांत कुणालाही सुचलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे टेबलं समोरासमोर न राहता शेजारी शेजारी आली. क्रम ठरला. एक मिनिटभर ठिकाणाचे आकडे हलले नाहीत की एल्बियोच्या ड्रायव्हरनं मॉड्यूल अडकलं असं समजायचं आणि निबियाच्या दाराची कडी वाजवायची. निबियाच्या ड्रायव्हरनं चालू वाक्य पुरं करायचं, ते नवं वाक्य बोलायचं, शेवटचं अक्षर स्पीकरमधून बाहेर पडेपर्यंत थांबायचं आणि मगच तार सोडायची. मग एल्बियोनं सोडायची. तार हलली हे कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः बघायचं. पहिल्याच दिवशी स्पीकर रीसेटमधून उठला आणि अशा काही आवाजात ओरडला की दार्दोच्या खोलीतला चषक फडताळावरून खाली पडला. झोपून उठलेल्या मॉड्यूलला आधीचं काही आठवत नसतं, आवाज किती ठेवायचा तेसुद्धा. निबियानं ते त्याला दर वेळी नव्यानं सांगायची सोय केली.

ते वाक्य म्हणायला रेडिओवाली बाई मिळाली नाही. तिनं निरोप पाठवला की तिच्या तोंडी असलं वाक्य शोभणार नाही. शेवटी निबियानं डोक्यावरून घोंगडी घेतली आणि स्वतःच रेकॉर्ड केलं: “आपण कुठे आहोत हे मला माहीत नाही. शोधते आहे.” आवाज असा की वीजबिलाच्या खिडकीवरून कुणी बोलतंय. एल्बियोनं ते तीन वेळा ऐकलं. एकोणीस वर्षांत या आवाजात हे वाक्य त्यानं कधीही ऐकलं नव्हतं, पण ते तो बोलून दाखवण्याइतका आता मूर्ख राहिला नव्हता.

दार्दोला मात्र ते ऐकून घाम फुटला. “आपली पेटी ‘मला माहीत नाही’ म्हणणार? चारचौघांत? मग लोक तिच्यावर विश्वास कशाला ठेवतील?”

“आत्ता ती छातीठोक खोटं बोलते,” निबिया म्हणाली, “तेव्हा ठेवतात की.”

दार्दोनं एका बसपुरती परवानगी दिली.

सप्टेंबरच्या एकोणतीसला सकाळी सुल्मानं काठी खिळ्यावरून काढली. काढली आणि तशीच हातात धरून दाराशी उभी राहिली, इतका वेळ की एल्बियोला वाटलं, आता परत अडकवणार.

“तू येणारेस ना बसमध्ये?” तिनं विचारलं.

“मोजमाप घ्यायला यावं लागेल. निबियाही आहे.”

“ये. तुझं कामच आहे ते. पण बसमध्ये तू मला ओळखत नाहीस. ‘पायरी’ म्हणालास तर तिथल्या तिथं घटस्फोट देईन.”

ती पुढच्या बाकावर बसली. एल्बियो आणि निबिया अगदी मागे, मांडीवर लॅपटॉप घेऊन. मधे आठवडी बाजाराच्या पिशव्या, शाळा सुटलेली पोरं, आणि दांडीला धरून मोजे विकणारा एक माणूस. एल्बियोला मनातून वाटत होतं, आज अडकू नये. पुलाखालून दहा-बारा फेऱ्यांत एखाद्या वेळी अडकायचं. आज सरळ जावं, रेडिओवाल्या बाईनं ला तेहा म्हणावं, सुल्मानं उतरावं, संपलं. पूल आला. पूल गेला. “पासो मोलिनो,” पेटी म्हणाली, आणि दोन माणसं उतरली.

पडद्यावरचे आकडे थांबले. बस चालली होती आणि आकडे जागच्या जागी होते.

“अडकलं,” तो पुटपुटला.

“कळलं,” निबिया म्हणाली. एक मिनिट गेलं.

मग सगळ्या बसमध्ये निबियाचा आवाज घुमला, “आपण कुठे आहोत हे मला माहीत नाही. शोधते आहे.” आणि बस मुकी झाली.

सगळ्यांनी माना वर केल्या. सहा सेकंद इतके लांब असतात हे एल्बियोला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. सुल्माची काठी दोन्ही हातांत घट्ट होती.

“ऐकलंत?” मोजेवाला म्हणाला. “बसला माहीत नाही!”

बस हसली. एक म्हातारा उठून उभा राहिला. “तिला नसेल, मला आहे. ला तेहा आलं हे.”

“कुठलं आलं!” पिशवीवाली बाई म्हणाली. “अजून औषधाच्या दुकानाचा थांबा आहे मध्ये.”

“ते दुकान बंद झालं, बाई.”

“दुकान बंद झालं म्हणून थांबा पळून जातो का?”

“मी जन्मापासून इथं राहतो!”

“म्हणूनच तुम्हाला दिसत नाही काही!”

एल्बियोला माहीत होतं. औषधाचं दुकान मागे पडलं होतं, आता चौक येणार होता, बेकरीचा. त्याच्या ओठांवर आलं होतं. निबियानं त्याच्या मनगटावर हात ठेवला, आणि तो ठेवला नसता तर तो नक्की बोलला असता.

“माफ करा,” सुल्मा वळून मोठ्यानं म्हणाली. वर्गावर चालायचा तो आवाज अजून शाबूत होता, भांडण जागच्या जागी थांबलं. “मला चौकात उतरायचंय. कुणाला बेकरी दिसतेय का?”

“दिसतेय!” चार जण एकदम म्हणाले.

“कुठल्या बाजूला?”

“उजव्या! अजून आली नाही, येतेय, येतेय,” शाळेतली एक पोरगी खिडकीतून डोकं काढून म्हणाली, “आता!”

सुल्मानं घंटी वाजवली. बस थांबली, दार उघडलं. बसला उतरायला दोन पायऱ्या होत्या आणि दुसरी उंच होती. एल्बियोनं तोंड गच्च मिटून घेतलं.

“दोन पायऱ्या आहेत, सेन्योरा,” मोजेवाला म्हणाला, “दुसरी उंच आहे हं.”

“किती चांगले आहात हो तुम्ही,” सुल्मा म्हणाली आणि उतरली.

दार लागलं. बस निघाली आणि लगेच रेडिओवाल्या बाईचा गोड आवाज आला, “ला तेहा.” म्हाताऱ्यानं पिशवीवाल्या बाईकडे पाहून छाती फुगवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, बेकरीसाठी की पेटीसाठी कोण जाणे. एल्बियो मागच्या काचेला नाक लावून बसला होता. सुल्मा फुटपाथवर एकटी उभी होती. तिनं काठी पुढे टाकली, बेकरीकडे तोंड करून एक श्वास घेतला, आणि इरासेमाच्या गल्लीकडे चालायला लागली, वाट पाठ असलेल्या माणसाच्या चालीनं. रस्ता ओलांडून द्यायला एक सज्जन गृहस्थ पुढे आला, तेव्हा तिनं त्याला काठीनं बाजूला केलं.

“अहो, तुम्ही का रडताय?” म्हाताऱ्यानं एल्बियोला विचारलं. “त्या बाई ओळखीच्या होत्या का तुमच्या?”

“नाही,” एल्बियो म्हणाला.